क्लायंटबद्दल ओढ वाटतेय. सुपरवायझरना सांगू का?

शिकाऊ_नाशिक:
क्लिनिकल सायकॉलॉजीचं एमफिल, दुसरं वर्ष. एक क्लायंट दर गुरुवारी चार वाजता येतो. तीन आठवडे झाले, गुरुवारी सकाळी मी कुर्ता दोनदा बदलते. परवा सेशन सव्वा तास चाललं आणि प्रोसेस नोट्समध्ये मी ‘५० मिनिटं’ लिहिलं. तेव्हापासून झोप नाही. ‘क्लायंटशी संबंध ठेवायचे नाहीत’ एवढं एक वाक्य शिकवलं आम्हाला, पण असं वाटलं तर काय करायचं यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. सांगितलं तर मला वाईट चालीची ठरवतील का?

कोथरूडकर:
केस दुसऱ्याकडे द्या, मोकळ्या व्हा.

जुनी_सुपरवायझर:
इतकी घाई नको. अचानक हात काढून घेतलात तर त्याला वाटेल, आपलंच काही चुकलं. रेफर करायची वेळ येईलही, पण ते सुपरवायझरबरोबर बसून ठरवा.

१९८६ मध्ये केनेथ पोप आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ५८५ मानसशास्त्रज्ञांना हेच विचारलं होतं. ८७ टक्के म्हणाले, कधी ना कधी क्लायंटबद्दल आकर्षण वाटलंय. बहुतेकांना त्यापायी अपराधी, अस्वस्थ किंवा गोंधळल्यासारखं झालं होतं, आणि याबद्दल काहीच शिकवलं नव्हतं म्हणणारे निम्म्याच्या आसपास होते. म्हणजे वाटणं हा गुन्हा नाही. तसं वागणं मात्र कुठल्याही सबबीवर चालत नाही, क्लायंटने स्वतःहून पुढाकार घेतला तरीही.

मला कुर्त्याची काळजी नाही, त्या ५० मिनिटांची आहे. लपवाछपवी तिथूनच सुरू होते. आधी नोंद दुरुस्त करा. मग सुपरवायझरना सरळ म्हणा, “मला या क्लायंटबद्दल ओढ वाटतेय, सेशन लांबलं, नोंद मी चुकीची केली.” माझ्या विद्यार्थ्यांकडून मी हे वाक्य मोठ्याने म्हणवून घेते. पहिल्यांदा सगळ्यांचाच आवाज फुटत नाही. क्लायंटला मात्र यातलं काही सांगायचं नाही, ते ओझं त्याचं नव्हे.

कोथरूडकर:
आणि सुपरवायझरच भलतं बोलले तर?

जुनी_सुपरवायझर:
तर विभागातल्या दुसऱ्या फॅकल्टीकडे जायचं. गप्प बसायचं नाही. आणि ताई, क्लायंटबद्दल इथे याहून जास्त लिहू नका.

शिकाऊ_नाशिक:
नोंद दुरुस्त केली, ७५ मिनिटं, आजची तारीख टाकून सही केली. मॅडमना मेसेज केलाय. बुधवारी साडेदहाला बोलावलंय.