'हरित' कंटेनर: स्वेच्छा की नुसतं मार्केटिंग?

द्राक्षवाला_निफाड

परवा इथे एकाने धागा काढला: शिपिंग लाइन्सनी कायद्याची वाट न बघता स्वतःहून कार्बन कमी केलाय, आता नाशिकच्या निर्यातदारांनीही थोडे जादा पैसे मोजून 'हरित' बुकिंग, म्हणजे कमी कार्बनच्या तेलाचं बुकिंग, घ्यावं. खाली नुसता टाळ्यांचा पाऊस. डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

स्वतःहून म्हणजे काय हो? 2008 च्या मंदीनंतर लाइन्सनी जहाजं हळू चालवायला घेतली ती तेल वाचवायला. 20 नॉटवरून 16 वर आलं की तासाचं तेल निम्म्यावर येतं. प्रवास लांबतो, तो धरूनही मैलामागे 36 टक्के वाचतं. हा धंद्याचा हिशेब झाला, पुण्य नव्हे. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, न्हावा शेवा ते रॉटरडॅम आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळसा घालून चार हजारांवर सागरी मैल वाढले, तेव्हा वेळापत्रक सांभाळायला जहाजांचा वेग पुन्हा वाढला. तेव्हा कुठे गेली स्वेच्छा?

खरी हालचाल झाली युरोपने पावती फाडल्यावर. लाइन्सना 2024 च्या उत्सर्जनाच्या 40 टक्क्यांसाठी परवाने विकत घ्यावे लागले, 2025 साठी 70, 2026 पासून पूर्ण. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या फेरीचं निम्मं उत्सर्जन त्यात धरतात. तो अधिभार बिलात आहेच. त्यावर आता हा हरित आकार. आणि कापला जाणार कुणाचा भाव? बागायतदाराचा.

फॉरवर्डर_अंबड

अर्धवट माहिती. क्लीन कार्गो हा लाइन्स आणि मालवाल्यांचा गट 2003 चा, एका टीईयूला (20 फुटी कंटेनरला) एक किलोमीटर न्यायला किती ग्रॅम कार्बन लागतो ते मोजतो. जहाजांना कर्ज देणाऱ्या बँकांची कार्बन मोजायची तत्त्वं, पोसायडन प्रिन्सिपल्स, 2019 ची, जहाज भाड्याने घेणाऱ्यांचं तसंच सी कार्गो चार्टर 2020 चं. मिथेनॉलवर चालणारं पहिलं कंटेनर जहाज, 2100 टीईयूचं, 2023 मध्ये पाण्यात आलं, पण ऑर्डर 2021 ची. तेव्हा युरोपचा नियम पक्काही झाला नव्हता. कुणीतरी आधी मोजायला, बांधायला घेतलं म्हणून नियम आले.

द्राक्षवाला_निफाड

युरोपने आकडे जमवले ते 2018 पासून, स्वतःच्या सक्तीच्या एमआरव्ही (उत्सर्जन मोजा, कळवा, तपासून घ्या) नियमाने. तुमच्या गटाच्या वहीतून नाही. राहिलं ते तुमचं मिथेनॉलचं जहाज, एक छोटं फीडर (मोठ्या जहाजांना माल पोचवणारं). घ्या, दिलं तुम्हाला, हार घाला त्याला.

चीफ_इंजिनिअर

दोघंही इंजिनरूमच्या बाहेरून बोलताय. मिथेनॉलची उष्णता किलोला जड तेलाच्या निम्मी, त्यामुळे तेवढ्याच पल्ल्याला दुपटीहून मोठी टाकी, म्हणजे कंटेनरची जागा गेली. बायोडिझेलचं मिश्रण जुन्या इंजिनात चालतं, पण ते पाणी धरतं, टाकीतला जुना गाळ सुटतो आणि पहिल्या काही दिवसांत फिल्टर तुंबतात. तीन महिन्यांवर साठवलं की ॲसिड नंबर चढतो, म्हणजे तेल बिघडतं. म्हणून तुमच्या 'हरित' बुकिंगचं तेल बहुतेक वेळा दुसऱ्याच जहाजात जळतं आणि तुमच्या नावाने फक्त प्रमाणपत्र फाटतं. त्यात लबाडीच असते असं नाही, पण 'माझा कंटेनर हरित जहाजातून गेला' हे वाक्य खोटं.

आणि सक्तीचं फार कौतुक नको. आयएमओ या जागतिक सागरी संघटनेचं सीआयआय रेटिंग (ए ते ई) जहाजाच्या कार्बनला क्षमता गुणिले अंतर याने भागून काढतात, प्रत्यक्ष भरलेला माल त्यात नाहीच. रिकामं जहाज हलकं, तेल कमी पितं, रेटिंग चांगलं! बंदरात ताटकळलं की रेटिंग घसरतं. ई आलं तर दंड नाही, सुधारणा आराखडा द्यायचा.

पॅकहाऊस_पिंपळगाव

जहाजाचं सोडा, आधी आपल्या दारातलं बघा. इथे निम्मे लोक गरम माल भरतात. प्रीकूलिंगला सहा-आठ तास देऊन गर चार अंशांखाली आणायचा, मग कोल्ड स्टोरेजला शून्यावर, आणि भरताना तापमानाचा प्रोब टोचून बघायचा. प्रत्यक्षात गाडी दारात उभी, प्रोब पाच दाखवतो, तरी भरा. रीफर, म्हणजे थंड कंटेनर, माल थंड ठेवायला असतो, थंड करायला नाही. त्यात बॉक्स भरण्याच्या लाल रेघेच्या वर, दाराजवळ फ्लोअरची फट उघडी, हवा तिथूनच परत. मग कॉम्प्रेसर धापा टाकतो. हा कार्बन कोण मोजणार?

चीफ_इंजिनिअर

मोजूया की. 13 टन द्राक्ष चार अंश उतरवायला साधारण 52 युनिट उष्णता काढावी लागते. कॉम्प्रेसरला वीज 30-35 युनिट. रीफर स्थिरावल्यावर चार किलोवॅट धरा: दिवसाला 96 युनिट, 20 किलो तेल, 63 किलो कार्बन. तुमचा गरम माल म्हणजे जहाजावरचा तिसरा हिस्सा दिवस. एवढ्यासाठी धागा पेटवायचा?

पॅकहाऊस_पिंपळगाव

साहेब, बागेतलं गणित वेगळं आहे. गरम मालावर थंड हवा आली की आत घाम धरतो. ग्रेप गार्डला (बुरशी रोखायला पेटीत ठेवतात त्या पॅडला) ओल लागली की त्यातला एसओटू (सल्फर डायऑक्साइड) एकदम सुटतो, देठाजवळ मणी पांढरे पडतात. आणि पॅड सुरुवातीलाच खर्ची पडलं की केपच्या वळशात शेवटच्या आठवड्यात करडी बुरशी. माल रॉटरडॅमला फेकला तर अख्ख्या फेरीचा कार्बन पाण्यात. धरा ते 35 युनिटमध्ये!

चीफ_इंजिनिअर

बरं बाबा, पॅडचा मुद्दा मान्य. पण मग तो मालाच्या नुकसानीच्या खात्यात मांडा, कॉम्प्रेसरच्या नको.

द्राक्षवाला_निफाड

आणि ट्रकवर रीफरला वीज देणारा डिझेल जेनसेट? पिंपळगावहून कसारा घाट उतरून बंदराच्या रांगेत उभं राहीपर्यंत बारा तास. तासाला तीन लिटर म्हणजे 36 लिटर डिझेल, 96 किलो कार्बन. जहाजावरचा दीड दिवस इथेच जळाला. निफाडच्या ड्राय पोर्टच्या (रेल्वेने बंदराला जोडलेल्या कंटेनर तळाच्या) घोषणा ऐकून कान किटले, तो झाला असता तर प्लग लावून रेल्वेने गेलं असतं.

चीफ_इंजिनिअर

हे मात्र बरोबर. 15 किलोवॅटचं मशीन चारवर चालतं म्हणून एवढं पितं. युनिटमागे जहाजाच्या जनरेटरच्या तिप्पट.

फॉरवर्डर_अंबड

म्हणजे धाग्याचा विषय आता कसारा घाट! चालू द्या. ज्यांना हरित बुकिंग घ्यायचंच आहे त्यांनी पैसे भरण्याआधी लाइनकडून तीन गोष्टी लेखी घ्या: आकडा आयएसओ 14083 (वाहतुकीचा कार्बन मोजायचं मानक) प्रमाणे आहे का, तेल बनवतानाचं उत्सर्जन त्यात धरलंय का, आणि प्रमाणपत्र तुमच्या नावावर एकदाच रद्द होतं का, म्हणजे तेच पुन्हा दुसऱ्याला विकता येत नाही ना. तिसऱ्यावर गोलमोल उत्तर आलं तर घेऊ नका.

द्राक्षवाला_निफाड

आणि तिन्हीची नीट उत्तरं आली, तरी पैसे रॉटरडॅमच्या खरेदीदाराकडून घ्या. हरित लेबल त्याच्या शेल्फवर लागतं, माझ्या बांधावर नाही.