2018 चा ड्राफ्ट: क्लीव्हलंडने पहिल्या क्रमांकावर कोणता क्वार्टरबॅक घ्यायला हवा होता?

चौथा डाउन (प्रश्न)

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधील संघ दरवर्षी ड्राफ्टमध्ये विद्यापीठांतील खेळाडू क्रमाने निवडतात, आणि सर्वांत वाईट कामगिरी झालेल्या संघाला पहिली संधी मिळते. 2017 च्या हंगामात सोळाच्या सोळा सामने हरल्यामुळे क्लीव्हलंड ब्राउन्सला 2018 च्या ड्राफ्टमधील पहिली निवड मिळाली, आणि ह्यूस्टनशी वर्षभरापूर्वी झालेल्या व्यवहारामुळे चौथी निवडही त्यांच्याच हाती होती. त्या वर्षी पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारे आणि पास टाकणारे खेळाडू, निवडले गेले: ओक्लाहोमाचा बेकर मेफील्ड पहिल्या क्रमांकावर क्लीव्हलंडकडे, यूएससीचा सॅम डार्नल्ड तिसऱ्यावर जेट्सकडे, वायोमिंगचा जॉश ॲलन सातव्यावर बफेलोकडे, यूसीएलएचा जॉश रोझेन दहाव्यावर ॲरिझोनाकडे, आणि लुईव्हिलचा लमार जॅक्सन अगदी शेवटच्या, म्हणजे बत्तिसाव्या क्रमांकावर बाल्टिमोरकडे.

आज पाहिले तर जॅक्सनने 2019 आणि 2023 या हंगामांचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळवला आणि ॲलनने 2024 चा. मेफील्डला मात्र क्लीव्हलंडने 2022 मध्ये सोडून दिले. यावरून क्लीव्हलंडची निवड चुकली, असे माझे मत झाले आहे. तथापि, एप्रिल 2018 मध्ये जी माहिती उपलब्ध होती तेवढीच समोर ठेवली असती, तर आपण कोणाला निवडले असते आणि कोणत्या कारणाने, हे मला जाणून घ्यायचे आहे.

पॉकेट पासर

मी तेव्हाही मेफील्डलाच घेतले असते आणि ते मत बदलण्याचे कारण मला अजून सापडलेले नाही. 2017 मध्ये त्याने सत्तर टक्क्यांहून अधिक पास अचूक पोहोचवले, 43 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) दिले, त्याचे केवळ सहा पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागले, आणि विद्यापीठ फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा हाइजमन पुरस्कारही त्यालाच मिळाला. त्याच्याविरुद्धचा मुख्य आक्षेप उंचीचा होता. सहा फुटांच्या जेमतेम वर असलेल्या क्वार्टरबॅकला त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या उंचच उंच लाइनमनच्या मागून मैदान दिसणार कसे, असे विचारले जात असे. वास्तविक त्याच उंचीच्या ड्रू ब्रीझ या क्वार्टरबॅकने तोवर या शंकेचे उत्तर कित्येक वर्षे मैदानावर दिलेले होते.

निवड चुकली असे म्हणताना पुढे काय घडले याचाही हिशेब मांडायला हवा. क्लीव्हलंडने अनुभवी क्वार्टरबॅक टायरॉड टेलरला घेऊन ठेवले होते आणि मेफील्डला वर्षभर बाकावर बसवून शिकवण्याचा त्यांचा बेत होता. तिसऱ्याच सामन्यात टेलर जखमी झाला, मेफील्ड मैदानात उतरला आणि जेट्सविरुद्ध 21-17 असा विजय मिळाला, जो त्या संघाचा 2016 च्या डिसेंबरनंतरचा पहिला विजय होता. त्या हंगामात त्याने 27 टचडाउन पास देऊन नवोदितांचा तत्कालीन विक्रम मोडला. मात्र ह्यू जॅक्सन, ग्रेग विल्यम्स, फ्रेडी किचन्स आणि केविन स्टेफान्स्की असे चार मुख्य प्रशिक्षक त्याने पहिल्या तीन हंगामांतच पाहिले. तरीही 2020 च्या हंगामात त्याने संघाला प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) नेले आणि पिट्सबर्गला त्यांच्याच मैदानावर 48-37 असे हरवले. पुढच्या वर्षी तो खांद्याच्या दुखापतीसह खेळत राहिला, त्याचा खेळ ढासळला, आणि संघाने ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन याच्यासाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी देऊन वर 23 कोटी डॉलरच्या हमीचा करार केला.

जाता जाता एक गंमत सांगतो. ह्यूस्टनशी झालेल्या ज्या व्यवहाराचा आपण उल्लेख केला, त्यात क्लीव्हलंडने दिलेल्या 2017 च्या बाराव्या निवडीवर ह्यूस्टनने याच वॉटसनला घेतले होते. मला विचाराल तर क्लीव्हलंडची खरी चूक 2022 ची आहे, 2018 ची नाही.

सातवी फेरी

वरील प्रतिसादातील वस्तुस्थिती मला मान्य आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. मी ॲलनला घेतले असते असा दावा मात्र करणार नाही, कारण तेव्हा त्याच्या नावाला माझाही विरोधच होता आणि तो कशामुळे चुकला हे सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल.

विद्यापीठात ज्याच्या अचूक पासचे प्रमाण साठ टक्क्यांच्या खाली राहते त्याने व्यावसायिक स्तरावर ते सुधारल्याची उदाहरणे दुर्मीळ असतात, असा आमचा ठोकताळा होता. ॲलनचे प्रमाण छप्पन टक्क्यांच्या आसपास होते, तेही तुलनेने दुबळ्या गटात खेळताना. त्यामुळे त्याचा सहा फूट पाच इंचांचा देह आणि दगड भिरकावल्यासारखा जाणारा चेंडू पाहून निवड समित्या भुलल्या आहेत, असेच आम्हाला वाटत होते. पण ‘अचूकता’ या एका शब्दाखाली आम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या होत्या. पास चुकण्याचे एक कारण म्हणजे चेंडू कोठे टाकायचा हेच वेळेत न कळणे, आणि दुसरे म्हणजे कळूनही पाय चुकीच्या जागी पडल्यामुळे चेंडू भलतीकडे जाणे. दुसरा दोष सरावाने जातो. पहिला जाईल याची खात्री कोणालाच देता येत नाही. शिवाय वायोमिंगमध्ये त्याच्यासमोरची लाइन आणि त्याचे रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) सामान्य होते, आणि जवळचे सोपे पास देण्याऐवजी तो लांबचे, अवघड पास सतत टाकत असे. हे सगळे टक्केवारीत दिसत नाही, चित्रफीत पाहताना दिसते.

बफेलोतील पहिल्या वर्षी त्याचे प्रमाण 52.8 टक्के होते, तेव्हा आम्हा टीकाकारांना आपले म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटले. दुसऱ्या वर्षी ते 58.8 झाले आणि तिसऱ्या वर्षी थेट 69.2 वर गेले. त्या काळात शॉन मॅकडर्मट हेच मुख्य प्रशिक्षक राहिले, ब्रायन डेबोल यांनी 2018 ते 2021 अशी सलग चार वर्षे त्याच्यासाठी आक्रमण रचले, 2019 मध्ये जॉन ब्राउन आणि कोल बीझली हे रिसीव्हर आणले गेले, आणि 2020 मध्ये पहिल्या फेरीची निवड देऊन स्टेफॉन डिग्जला घेतले गेले. हे सारे क्लीव्हलंडमध्ये घडले असते असे मानायला मी तयार नाही. चार प्रशिक्षकांच्या हाताखाली ॲलनचे पाय कोणी दुरुस्त केले असते? म्हणूनच ‘कोण श्रेष्ठ’ या प्रश्नापेक्षा ‘त्या संघाला कोण झेपला असता’ हा प्रश्न मला जास्त रास्त वाटतो, आणि त्याचे उत्तर, थोड्या अनिच्छेने का होईना, मेफील्ड असेच येते.

एंड झोन

आपण दोघेही जॅक्सनविषयी गप्प आहात, याचे आश्चर्य वाटते. त्याने 2016 मध्येच हाइजमन जिंकला होता, आणि तरीही त्याने रिसीव्हर व्हावे असे सल्ले जाहीरपणे दिले जात होते. बाल्टिमोरने त्याच्यासाठी फिलाडेल्फियाशी व्यवहार करून पहिल्या फेरीची शेवटची निवड मिळवली. यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे, कारण पहिल्या फेरीतील खेळाडूच्या चार वर्षांच्या करारावर पाचव्या वर्षाचा हक्क संघाला मिळतो आणि दुसऱ्या फेरीतील खेळाडूवर तो मिळत नाही. पुढे बाल्टिमोरचा तेव्हाचा क्वार्टरबॅक जो फ्लॅको जखमी झाल्यावर जॅक्सनने नवोदित म्हणून सुरुवातीपासून खेळलेल्या सातपैकी सहा सामने जिंकून दिले. 2019 मध्ये संघाने त्याला जुन्या साच्यात कोंबण्याऐवजी सगळे आक्रमण त्याच्या धावण्याभोवती नव्याने बांधले, तेव्हा त्याने 1206 यार्ड धावून क्वार्टरबॅकचा विक्रम केला. क्लीव्हलंडला हे 2018 मध्ये सुचले असते का, या प्रश्नाचे माझे उत्तर नकारार्थी आहे. परंतु बत्तीस संघांपैकी एकालाच ते सुचावे, यात इतर संघांची विचार करण्याची सवय उघडी पडते.

चौथा डाउन

तिघांचेही आभार. सातवी फेरी यांचा दोन प्रकारच्या चुकांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तो डार्नल्डलाही लागू पडतो का? यूएससीतील अखेरच्या हंगामात त्याचे 13 पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले होते, जेट्सकडे तीन हंगाम काढून तो दुसऱ्या संघाकडे गेला, आणि 2024 मध्ये मिनेसोटाकडून मात्र त्याने 14 सामने जिंकून दिले. शिवाय पहिल्या निवडीवर रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) सॅक्वॉन बार्कलीला घेऊन उरलेला क्वार्टरबॅक चौथ्या निवडीवर घ्यावा, असाही एक विचार तेव्हा मांडला जात होता. तो आपल्याला कसा वाटतो?

सातवी फेरी

डार्नल्डच्या चुका मला पहिल्या प्रकारच्या, म्हणजे निर्णयाच्या वाटत होत्या, आणि मिनेसोटात मुख्य प्रशिक्षक केविन ओकॉनेल यांच्या हाताखाली त्यातल्या पुष्कळशा कमी झाल्या. तेव्हा माझे वर्गीकरणही मी मांडले तितके काटेकोर नाही, हे कबूल करतो. बार्कलीचा बेत मला तेव्हाही पटला नव्हता. तिसऱ्या निवडीसाठी जेट्सने मार्चमध्येच इंडियानापोलिसला आपली सहावी निवड आणि दुसऱ्या फेरीच्या तीन निवडी दिल्या होत्या, आणि इतकी किंमत क्वार्टरबॅकवाचून दुसऱ्या कोणासाठी कोणी मोजत नाही. म्हणजे चौथ्या क्रमांकावर आपल्या पसंतीचा क्वार्टरबॅक उरेल की नाही, हे क्लीव्हलंडच्या हाती राहिलेच नसते. प्रत्यक्षात त्यांनी चौथ्यावर कॉर्नरबॅक (प्रतिस्पर्धी रिसीव्हरना अडवणारा बचावपटू) डेन्झेल वॉर्डला घेतले, आणि मेफील्ड गेल्यानंतरही तो त्यांच्याच बचावफळीत खेळत राहिला.