गावच्या शिबिरात सगळ्या बायकांच्या मानेची सोनोग्राफी करावी का?

खानापूरकर:
आमच्या मंडळानं गणपतीत बायकांसाठी तपासणी शिबिर ठरवलंय. बीपी, शुगर ठीक. पण 'थायरॉईड (गळ्यातल्या ग्रंथीचा) कॅन्सर वाढतोय' म्हणून तिशीच्या पुढच्या प्रत्येकीच्या मानेची सोनोग्राफीही त्यात घातलीय. माझा याला विरोध आहे. रविवारी बैठक आहे, त्याआधी तुमचं मत हवंय.

हा कॅन्सर बायकांत पुरुषांच्या तिप्पट आढळतो, हे खरं. २०२० चा जगाचा अंदाज बघा : वर्षाला लाख बायकांमागे सुमारे १० नवे रुग्ण, लाख पुरुषांमागे ३. पण त्यानं दगावणाऱ्या बायका दोन लाखांत एक. दक्षिण कोरियात १९९९ पासून सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली, आणि दवाखाने थोडे जादा पैसे घेऊन मानेची सोनोग्राफीही करू लागले. २०११ पर्यंत थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. खरोखर आजारच वाढला असता तर मृत्यूही वाढले असते ना?

टिळकवाडीची:
आकडे वाचले, तरी पटत नाही. माझी थोरली बहीण दोन वर्षं म्हणत होती, "घशात काय तर अडकल्यासारखं वाटूलालंय." आम्ही पित्तावर ढकललं. आवाज बसला तेव्हा धावलो, तोवर मानेतल्या इतर गाठींतही पसरलं होतं. खेड्यातल्या बाईला दवाखान्यात नेतंय कोण? आधी सुगी उरकू दे, मग जत्रा होऊ दे. शिबिर दारात आलं तरच ती तपासून घेते. तेही तुम्ही काढून घेणार?

खानापूरकर:
ताई, वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या बहिणीला त्रास होता. त्रास असलेल्या बाईची सोनोग्राफी त्याच आठवड्यात व्हावी, असंच मी म्हणतो. काहीच तक्रार नसलेल्या दोनशे जणींना रांगेत उभं करायला माझा विरोध आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनंही २०१७ मध्ये हेच सांगितलं.

निपाणीकर:
मी सोनोग्राफी सेंटरवर काम करतो. चांगल्या मशीनवर बघितलं तर जवळजवळ निम्म्या बायकांत बारीकसारीक गाठ दिसते. त्यातल्या शंभरात नव्वद तरी साध्या. पण हे घरच्यांना समजावणार कोण? मागं एक बाई आली होती. दुसरीकडचा रिपोर्ट आठ घड्या घालून बटव्यात ठेवलेला, घड्यांवर कागद फाटायला आलेला. गाठ ४ मिलिमीटरची. एवढ्याला सहसा तपासणीची सुईसुद्धा टोचत नाहीत. ती मात्र महिनाभर झोपली नव्हती, पोरीचं लग्न मोडेल म्हणून घरातही बोलली नव्हती. असल्या भीतीपोटी काहीजणी पूर्ण ग्रंथी काढून घेतात. मग जन्मभर रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. कुणाचं कॅल्शियम उतरून हातपाय मुंग्यांनी भरतात, कुणाचा आवाज जातो.

चिकोडीकर:
कोरियाचं माप आपल्याला लावू नका. तिथं तपासणीचा अतिरेक होता, इथं तपासणीच नाही. केरळात प्रमाण जास्त दिसतं, कारण तिथं बायका दवाखान्यात पोचतात. आपल्याकडं आकडा कमी म्हणजे आजार कमी, असं नव्हे.

खानापूरकर:
चिकोडीकर, हे मान्य. पण पोचत नाही ती त्रास असलेली बाई. तिलाच शोधूया की. बैठकीत मी असं मांडणार : प्रत्येकीला चार प्रश्न विचारायचे. मानेत गाठ हाताला लागते का, आवाज बसलाय का, गिळताना अडकतं का, घरात कुणाला हा कॅन्सर होता का. 'हो' म्हणेल तिला मंडळाच्या गाडीनं बेळगावला न्यायचं. वाचलेल्या पैशात गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. २०२२ मध्ये देशात त्या कॅन्सरचे सव्वा लाखावर नवे रुग्ण होते, आणि तो व्हायच्या आधीच पकडता येतो.

टिळकवाडीची:
गाडीचं नक्की करा, नाहीतर हे सगळं कागदावर राहील. आणि प्रश्न विचारायला बाईच बसवा, सासूला नि नवऱ्याला बाहेर थांबवा. माझी बहीण सगळ्यांसमोर कधीच बोलली नसती. रविवारी मी येते बैठकीला.