मदत हवी आहे: कुठल्याही भाषेत वाचता येणाऱ्या चित्रलिपीत 'नाही' आणि 'तर' कसं दाखवायचं?

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याचा. बरेच महिने एक चित्रलिपी बनवतोय, म्हणजे लिहायचं एकदाच आणि मराठीवाल्याने मराठीत वाचायचं, कोकणीवाल्याने कोकणीत, कन्नडवाल्याने कन्नडमध्ये. ५ हा आकडा बघा, आपण पाच म्हणतो, पोर्तुगीज शाळेत शिकलेली म्हातारी माणसं सिंकु म्हणतात, अर्थ तोच. तसं अख्ख्या वाक्याचं व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. गोव्यात तर कोकणी एकच पण कोणी देवनागरीत लिहितं, कोणी रोमीत म्हणजे रोमन लिपीत, आणि एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला पटकन वाचवत नाही.

आधीचं काम थोडंफार वाचलंय. चार्ल्स ब्लिस नाझींच्या छळछावणीतून सुटून शांघायला पोचले, तिथल्या चिनी अक्षरांवरून त्यांना कल्पना सुचली, १९४२ पासून चिन्हं बनवली, १९४९ मध्ये पुस्तक काढलं. कोणी फारसं विचारलं नाही, पण १९७१ पासून टोरांटोत बोलता न येणाऱ्या मुलांसाठी ती चिन्हं वापरात आली. ओटो नॉयराथ यांचं आयसोटाइप, म्हणजे चित्रांतून माहिती दाखवायची पद्धत, तेही बघितलं, पण ते आकडेवारी मांडायला मस्त, वाक्य लिहायला नाही.

नामं सोपी जातात. अडतं ते पुढे. चाचणीला मी हे वाक्य घेतलं: 'उद्या पाऊस पडला तर मासे मिळणार नाहीत'. सूर्य आणि त्याच्या उजवीकडे बाण म्हणजे उद्या, मग ढग आणि थेंब, मग एक बाण, शेवटी मासा आणि त्यावर आडवी काट. शेजारच्या काकींनी बघून विचारलं, "उद्या चतुर्थी गो? मासे खायचे नाहीत?" बांधकामावरच्या कर्नाटकातल्या एका कामगाराने वाचलं, पावसात मासेमारी बंद. त्याचंही चूक कसं म्हणणार, जून-जुलैत इथे ट्रॉलर बंदच असतात! रस्त्यावरच्या पाट्यांमुळे काट म्हणजे मनाई हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, मला तर 'नसणं' दाखवायचंय. मग काट काढून मासा तुटक रेघांनी काढला तर काकी म्हणाल्या हा मेलेला मासा. आणि मधला बाण 'तर' असा कोणीच वाचत नाही, सगळे 'म्हणून' असंच वाचतात, म्हणजे पाऊस उद्या नक्की पडणारच.

दुसरं, गावांची नावं. पणजीसाठी म्हातारी बाई काढली तर फक्त मराठी माणसाला कळेल, उच्चारावर गेलं की लिपी परत एका भाषेची झाली.

यावर कोणी काम केलंय का? 'नाही' आणि 'तर'च्या खुणा, ब्लिस ठेवायचे तशा, मूळ चिन्हाच्या डोक्यावर ठेवू की त्यांचं वेगळं चिन्ह करू? कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद:
विषय छान आहे, सोडू नका. पण 'नाही' चित्रात शोधू नका, सापडणार नाही. अधिक-वजाची चिन्हं कशाचंच चित्र नाहीत, तरी जगभर चालतात कारण सगळे शिकतात. 'नाही', 'तर', 'किंवा' ही अशीच शिकवायची चिन्हं ठेवा, मोजकीच, आणि ती कायम वेगळ्या आकारात काढा म्हणजे चित्र समजून कोणी वाचणार नाही. 'तर'साठी एक सुटं चिन्ह पुरणार नाही, अट जिथे सुरू होते आणि जिथे संपते तिथे दोन्हीकडे खूण हवी, कंसासारखी.

नावांसाठी मेक्सिको सिटीची मेट्रो बघा. १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हापासून प्रत्येक स्टेशनला स्वतःचं चित्र आहे, वाचता न येणाऱ्यालाही उतरायचं कुठे ते कळतं. पणजीला चर्चच्या पायऱ्या द्या, उच्चार ज्याचा त्याने करावा. नाव आहे हे कळायला भोवती चौकट काढा, इजिप्तमध्ये राजांची नावं अशीच घेरून लिहायचे.

आणि चाचणीचं वाक्य बदला. मासे नकोत, त्यात चतुर्थी आणि बंदी दोन्ही येतात. 'भात शिजला नाही' घ्या, तिथे मनाईचा संशय येणार नाही. कोण काय वाचतं ते इथे टाका, मग पुढे बोलू.