असई आणि कित्तूर, दोन्हीला चालेल असं गुंडाळायचं मैदान: कापड कुठलं, लेप कसला?

टेबलावरची_फौज (बेळगाव): छोट्या सैनिकांनी टेबलावर जुन्या लढाया खेळतो, त्या १५ मिमीच्या सैनिकांसाठी ६ × ४ फुटांचं टेबल आहे. असई (२३ सप्टेंबर १८०३) आणि कित्तूर (२३ ऑक्टोबर १८२४) या दोन्ही लढायांना एकच कापड वापरायचंय. मांजरपाटावर पांढरा गोंद, वाळू आणि रंग असा लेप दिला. वाळल्यावर छान दिसला, पण गुंडाळल्यावर पापडासारखा तडकला आणि कडेनं पोपडे सुटले. गोंद कमी पडला की जास्त झाला?

पुट्टीपत्रा (खानापूर): कमी-जास्तचा प्रश्नच नाही, गोंदच चुकला. पांढरा गोंद वाळला की ताठ होतो, वर पावसाळ्यात ओल धरून चिकट होतो. त्याजागी भिंतीच्या भेगा भरायचा अ‍ॅक्रिलिक सीलंट घ्या, गनमध्ये बसणारी २८०-३०० मिलीची नळी मिळते. वाळल्यावर तो रबरासारखा वाकतो. सिलिकॉनचा मात्र चुकूनही नको, त्यावर रंग धरत नाही. नळीवर ‘पेंटेबल’ लिहिलंय का ते बघूनच घ्या.

पोपडे सुटले ते खळीमुळे. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, तिच्यावर लेप बसतो, कापडात मुरत नाही. गरम पाण्यात दोनदा धुवा, म्हणजे आटायचं तेही आधीच आटेल. त्यापेक्षा जाड कॅनव्हास बरा. ६० इंची पन्ना मागा, जोड द्यावा लागत नाही. जोड कितीही सफाईनं शिवला तरी रंगाखाली रेघ दिसतेच.

कापड ७ × ५ फूट घ्या, टेबलाएवढं नको. खाली थर्मोकोलच्या टेकड्या ठेवल्या की ते चारी बाजूंनी आत ओढलं जातं. प्लायवर ताणून दर चार इंचांवर स्टेपल मारा. लेप वाळताना आकसतो. मोकळ्या कापडाला चुण्या पडल्या की त्या जात नाहीत.

एका नळीला १०० मिली चाळलेली कोरडी वाळू आणि दोन मोठे चमचे तपकिरी अ‍ॅक्रिलिक रंग. वाळू याहून वाढवली की पुन्हा तडे. एका वेळी दोनच नळ्या कालवा, वरती साय धरायला वेळ लागत नाही. पुट्टीचा पत्रा पाण्यात बुडवून सुमारे १ मिमी जाडीनं ओढा. एवढ्या कापडाला आठ नळ्या लागतात. प्रत्येक घाण्याचा रंग थोडा वेगळा येणारच, त्याची फिकीर नको. शेवटी सगळ्यावरून फिकट रंगाचा कोरडा ब्रश फिरवला की मिसळून जातं.

काळी_जमीन (बैलहोंगल): वरचं सगळं बरोबर, एक भर. नदी कापडावर रंगवू नका. असईला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात मराठी फौज होती, आणि इंग्रज सेनापती वेलस्लीनं केळणा पिंपळगाव-वरूडच्या उतारावरून (उथळ पाण्याच्या जागेवरून) ओलांडली. ती नदी कापडावर कायमची बसली की कित्तूरला काय करणार? त्याच कॅनव्हासच्या अडीच इंची पट्ट्या कापा. दोन्ही कडांना गननं सीलंटची ४-५ मिमी उंच वळी सोडा, ओल्या बोटानं बाहेरची बाजू उतरती करा, आतली उभीच ठेवा. केळणेचे काठ उंच आहेत, म्हणून तर उताराला महत्त्व. तेवढ्या जागी वळी चेपून सपाट करा. पाण्याला चकचकीत अ‍ॅक्रिलिक व्हार्निशचे दोन हात. पट्ट्या ठेवताना मध्ये बटर पेपर घाला, नाहीतर उन्हाळ्यात एकमेकींना चिकटतात.

गवतासारखा दिसणारा रंगीत भुसा लेप ओला असतानाच चिमटीनं टाका आणि लाटण्यानं हलका दाबा. सगळीकडे सारखा टाकला तर मैदान नाही, बिलियर्डचं टेबल दिसेल.

टेबलावरची_फौज: टेडीचं फर कापड बरं, असं एकानं सांगितलं. आणि टेकडीवर सैनिक घसरतात, त्याला काय?

पुट्टीपत्रा: फर गवताळ माळाला उत्तम, टेकडीवर सुरेख पडतं. पण नांगरलेलं शेत त्यावर होत नाही, आणि १५ मिमीला केस ट्रिमरनं फार बारीक करावे लागतात. तुमच्या दोन लढायांना कॅनव्हासच.

घसरण्याचं कारण चढ. थर्मोकोलची कड तिरपी कापा, एक इंच उंचीला निदान तीन इंच पसारा द्या. टेकडीच्या पायथ्याशी कापड अधांतरी राहतं, तिथे जुन्या वाकळेची घडी सरकवा. त्यावर बोट दाबून बघा. खाली गेलं तर तोफ उलटणार.

टेबलावरची_फौज: आता पाऊस चालू आहे. करू का थांबू?

काळी_जमीन: करा, पण घाई नको. वरून कोरडा लागतो आणि आत ओला असतो. पंख्याखाली पाच दिवस, मग कोपऱ्यात नख रोवून बघा. खूण राहिली तर अजून दोन दिवस. कडा त्यानंतरच कटरनं कापा. गुंडाळताना लेप बाहेरच्या बाजूला, आत चार इंची पीव्हीसी पाईप. म्हणजे उघडल्यावर टोकं वर न वळता टेबलाला टेकून बसतात.