प्रतिसाद: एक्सपल्स 200 ला बर्फाचं किट?

ठाणेकर, हिरोच्या एक्सपल्स 200 या मोटरसायकलला पुढे स्की आणि मागे पट्टा लावून गुलमर्गला न्यायचा तुमचा बेत वाचला. माझं मत स्पष्ट आहे, ही गाडी त्यासाठी घेऊ नका. चाकाऐवजी रबरी पट्टा फिरवायला इंजिनाची बरीच ताकद खर्च होते. त्यात गुलमर्ग 2650 मीटरवर. दर हजार मीटरला साधारण 10 टक्के ताकद जाते, म्हणजे 19 अश्वशक्तीतल्या 14-15 उरणार. मऊ, खोल बर्फात गाडी जागीच रुतेल. म्हणूनच परदेशात बहुतेक जण 450 सीसीची फोर-स्ट्रोक निवडतात.

दोन गोष्टींवर मात्र अजिबात तडजोड नको: फ्युएल इंजेक्शन आणि सेल्फ स्टार्ट. कार्ब्युरेटर असेल तर उंचीप्रमाणे जेट (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा छोटा भाग) बदलत बसावं लागतं, आणि कमरेएवढ्या बर्फात किक मारायला पाय टेकणार कुठे?

कूलिंगचं गणित आपल्या उलट. सायनच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं, तिथे ते गरमच होत नाही. म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारी झडप) बसवतात, रेडिएटर झाकतात. इथे काही जण रेडिएटरमध्ये नुसतं पाणी ओततात, तिथे ते गोठून रेडिएटर फोडेल. योग्य प्रमाणातलं कूलंटच हवं.

कावासाकी केएक्स 450 मध्ये फ्युएल इंजेक्शन आणि सेल्फ स्टार्ट हे दोन्ही आहे. पण ती रस्त्यावर चालवता येत नाही, तेव्हा मुंबईहून टेम्पोचं भाडंही आधीच धरा. किट घेण्याआधी त्याची फिटिंग तुमच्या गाडीच्या नेमक्या मॉडेल-वर्षाला मिळते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.