बायोसिमिलरवाल्यांचा प्रचार: स्वस्त हवंच, पण अर्धसत्य कशाला?

खलबत्ता
जेनेरिक (साध्या रासायनिक औषधांच्या नकला) आणि बायोसिमिलर (जिवंत पेशींत बनणाऱ्या प्रथिन-औषधांच्या जवळपास तशाच नकला) बनवणाऱ्यांच्या एका संघटनेचं आवाहन सध्या जो तो पुढे ढकलतोय. म्हणणं असं: बायोसिमिलर म्हणजे तेच औषध, फक्त स्वस्त, अदलाबदलीच्या चाचण्या (मूळ औषध आणि बायोसिमिलर आलटून-पालटून देऊन पाहणं) हा बड्या कंपन्यांचा बागुलबुवा, अटी काढा, किमती आपोआप उतरतील. तिन्ही वाक्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच जास्त डोकं फिरलं.

साध्या गोळीचं ठीक आहे. रेणू लहान, रचना ठरलेली. २४-३६ निरोगी स्वयंसेवक घ्या, एकदा मूळ गोळी, एकदा जेनेरिक, मध्ये किमान पाच अर्धायुष्यांची (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुट्टी, सीमॅक्स (रक्तातली कमाल पातळी) आणि एयूसी (रक्तात पोचलेलं एकूण औषध) जुळले की झालं. बायोसिमिलरमध्ये येणारी अँटिबॉडी म्हणजे हॅमस्टरच्या पेशींत वाढवलेलं दीडशे किलोडाल्टनचं अवाढव्य प्रथिन. त्यावरच्या शर्करासाखळ्या बायोरिॲक्टरचं तापमान, पीएच, फीड यांनुसार बदलतात. अँटिबॉडीच्या शेपटाकडच्या (एफसी) भागातला फ्यूकोज (एक शर्करा) कमी झाला की एडीसीसी (रोगी पेशी मारायला प्रतिकारपेशींना बोलावणं) वाढते, आणि ट्रास्टुझुमॅबसारख्या कर्करोगाच्या औषधात ती परिणामाचाच भाग आहे. पुरेसं सारखं औषध बनवता येतं, पण ते दाखवून द्यावं लागतं. 'तेच' म्हणून हात झटकता येत नाहीत.

अनुस्वार
आणि मूळ औषध जन्मभर 'तेच' राहतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं? मूळ ट्रास्टुझुमॅबच्याच २०१८-१९ मध्ये मुदत संपणाऱ्या काही बॅचेसमध्ये फ्यूकोज आणि एडीसीसी सरकलेले सापडले. सापडवले कोणी? बायोसिमिलर बनवणाऱ्यांनी, तुलनेसाठी विकत घेतलेल्या बॅचेस तपासताना. मूळ कंपनी प्रक्रिया बदलते तेव्हा आयसीएच क्यू५ई या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमाप्रमाणे आधीचं-नंतरचं उत्पादन मुख्यतः प्रयोगशाळेत ताडून पाहते आणि पुढे जाते. त्या वेळी कोणी अदलाबदलीची चाचणी मागितल्याचं ऐकिवात नाही.

अमेरिकेतला 'इंटरचेंजेबल' शिक्का फार्मासिस्टने डॉक्टरला न विचारता औषध बदलून देण्यापुरता आहे. त्यासाठी किमान तीन वेळा औषध आलटून-पालटून देणारी चाचणी लागायची. २०२४ मध्ये एफडीएनेच (अमेरिकेचं औषध नियामक) मसुदा काढला की ती सहसा गरजेची नाही. युरोपचं औषध नियामक असलेल्या ईएमएने २०२२ मध्येच सांगून टाकलं की मंजूर बायोसिमिलर अदलाबदलीयोग्य आहेत. मग बागुलबुवा नाही तर काय?

नॉर-स्विच ही चाचणी वाचा. नॉर्वे सरकारच्या पैशाने झालेली, ४८२ रुग्ण, ५२ आठवडे, इन्फ्लिक्सिमॅब (सांधे, आतडी, त्वचेच्या दाहाच्या आजारांवरची अँटिबॉडी). आजार बळावला मूळ औषधावर २६ टक्के, बायोसिमिलरवर ३० टक्के, ठरवलेली मर्यादा १५ टक्क्यांच्या फरकाची.

खलबत्ता
वाचलंय, म्हणून पुढचंही सांगतो. सहा वेगवेगळे आजार एका पोत्यात भरलेत. क्रोन्सचा (आतड्याच्या दाहाचा आजार) गट वेगळा काढलात तर २१ विरुद्ध ३६ टक्के. हे सोयीस्करपणे वगळलंत.

अनुस्वार
कारण ती चाचणी एकेका आजाराचा निकाल लावायला बांधलेलीच नव्हती. त्या गटातल्या फरकाची विश्वासमर्यादा (खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता) शून्याला ओलांडते, म्हणजे फरक योगायोगाचाही असू शकतो. पुढे २०१९ मध्ये खास क्रोन्सच्या २२० रुग्णांवरची चाचणी लॅन्सेटमध्ये आली, ३० व्या आठवड्याला औषध बदलून. बायोसिमिलर कमी पडलं नाही. तेही 'सोयीस्करपणे' राहिलं वाटतं तुमच्याकडून.

दीडशहाणा
इतकं खोलात कशाला जाता? जेनेरिक गोळीत औषध ८० ते १२५ टक्क्यांत कितीही चालतं. म्हणजे आज ८०, उद्या दुसऱ्या कंपनीची १२५. थायरॉइडच्या पेशंटना विचारा, ब्रँड बदलला की लगेच थकवा येतो.

अनुस्वार
दीडशहाणे, नावाला जागलात. ८०-१२५ हा गोळीतल्या औषधाचा आकडा नाही. दोन्ही औषधांच्या सरासरी एयूसीचं गुणोत्तर काढायचं, त्याची ९० टक्के विश्वासमर्यादा काढायची आणि *ती अख्खी* ८० ते १२५ मध्ये बसली पाहिजे. सीमॅक्सचंही तसंच. गुणोत्तर ०.८५ च्या आसपास आलं तर मर्यादेचं खालचं टोक बहुतेक वेळा ८० च्या खाली घसरतं आणि औषध नापास. १२५ का, तर हिशोब लॉगमध्ये होतो आणि ०.८ चा व्यस्त १.२५. एफडीएने १९९६ ते २००७ मधले २०७० अभ्यास तपासले: सरासरी फरक एयूसीत ३.५६ टक्के, सीमॅक्समध्ये ४.३५.

गोळीत प्रत्यक्ष औषध किती, याची मर्यादा वेगळी. लेव्होथायरॉक्सिनला (थायरॉइडची गोळी) तर अमेरिकेत २००७ मध्ये ती ९५-१०५ केली, मूळ ब्रँडसकट सगळ्यांना. ब्रँड बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघायचा. थकव्यावरून अंदाज बांधायचा नाही.

खलबत्ता
इथे अनुस्वारांशी सहमत, कटू असलं तरी. पण नियम बरोबर म्हणून राबवणारे बरोबर असं होत नाही. बुप्रोपिऑन एक्सएल (नैराश्यावरची हळूहळू सुटणारी गोळी) ३०० मिग्रॅचं एक जेनेरिक अमेरिकेत मंजूर झालं ते १५० मिग्रॅच्या अभ्यासावर. ३०० ने निरोगी लोकांना झटके येतील ही भीती. रुग्ण तक्रारी करत राहिले. शेवटी एफडीएने स्वतः अभ्यास करवला, औषध नापास झालं आणि २०१२ मध्ये काढून घ्यावं लागलं. हळूहळू सुटणाऱ्या गोळीत आवरणाचं तंत्र बदललं की सगळा आलेख बदलतो.

शीतसाखळी
या सगळ्यात कोणी एरिथ्रोपोएटिनचं (एपो, लाल पेशी बनवायला लावणारं प्रथिन) नाव कसं घेतलं नाही? मूत्रपिंडाच्या रुग्णांत लाल पेशी बनणंच बंद पडलं होतं. स्वस्तातली प्रथिनं टोचायची हौस असलेल्यांनी तो इतिहास वाचावा.

अनुस्वार
वाचा ना. ते मूळ औषध होतं! युरोपातलं मूळ ब्रँड. पहिलं एपो बायोसिमिलर तिथे २००७ मध्ये आलं, हा घोळ त्याच्या कितीतरी आधीचा. दरवेळी हाच मुडदा बायोसिमिलरच्या दारात आणून टाकतात.

शीतसाखळी
कोणाचं होतं ते ठाऊक आहे, ओरडू नका. मुद्दा पॅकिंगचा आहे. १९९८ मध्ये मॅडकाऊच्या धास्तीने त्यातलं मानवी अल्ब्युमिन काढून पॉलिसॉर्बेट ८० घातलं. प्रथिन तेच, कारखाना तोच. फक्त पॉलिसॉर्बेटने सिरिंजच्या दट्ट्याच्या रबरातली सेंद्रिय द्रव्यं ओढून घेतली, आणि ती प्रतिकारशक्तीला डिवचणारी ठरली असा सर्वांत मान्य कयास. अँटिबॉडी तयार झाल्या त्या इंजेक्शनला निकामी करतात आणि शरीराच्या स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनलाही. मग रक्त चढवत राहायचं. २००२ मध्ये फ्रान्समधून १३ रुग्णांचा पेपर आला तेव्हा जग जागं झालं.

खलबत्ता
रबराचा कयास, मान्य. पण मायसेलचाही होता: पॉलिसॉर्बेटच्या रेणूंच्या गोळ्यांतून (मायसेल) प्रथिनाचे बरेच रेणू एकत्र बाहेर डोकावतात आणि विषाणूसारखे दिसतात. शिवाय त्वचेखालून देणं आणि थंड साठवणीत खंड पडणं. दट्ट्याला फ्लोरोपॉलिमरचा लेप दिला, त्वचेखालचा मार्ग बंद केला, साठवणीचे नियम कडक केले, सगळं साधारण एकाच सुमाराला. मग कशाने आटोक्यात आलं, सांगणार कसं?

भोचक भवानी
रबरावरून खाली या जरा. धागा किमतींचा होता ना? 'अटी काढा, किमती उतरतील' या थापेवर कोणीच बोलत नाही! ॲडालिमुमॅबचं (संधिवातावरची अँटिबॉडी) बायोसिमिलर अमेरिकेत २०१६ ला मंजूर, बाजारात २०२३ ला. मध्ये शंभरावर पेटंटं आणि तडजोडी. युरोपात तेच २०१८ मध्ये मिळायला लागलं. अदलाबदलीची चाचणी कुठे आडवी आली इथे?

बरं, आलं तेव्हा काय केलं? एकच औषध, दोन छापील किमती: एक मूळ औषधापेक्षा ५५ टक्क्यांनी कमी, दुसरी फक्त ५ टक्क्यांनी. महाग लेबल कोणासाठी? विमा कंपन्यांच्या औषधदलालांसाठी. छापील किंमत जितकी फुगलेली, तितकी मागल्या दाराची सूट मोठी. ज्या रुग्णाला छापील किमतीच्या टक्क्यांत पैसे भरायचेत, त्याच्या हाती काय?

आणि ही मंडळी संत नाहीत. प्राव्हास्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉलची गोळी) किमती संगनमताने ठरवल्याच्या खटल्यात २०२३ मध्ये तेवाने (जेनेरिक बनवणारी कंपनी) २२.५ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. परवडणाऱ्या औषधांचे कैवारी!

दीडशहाणा
भवानीताई +१. इंजेक्शन बदललं की जास्त टोचतं, अशीही तक्रार ऐकतो. तीही थापच का?

शीतसाखळी
थाप नाही, बफर (द्रवाचा आम्लपणा स्थिर ठेवणारा घटक). जुन्या ॲडालिमुमॅबमध्ये सिट्रेट होतं, ४० मिग्रॅसाठी ०.८ मिली द्रव. नव्यात सिट्रेट नाही, ०.४ मिलीत काम होतं, सुईही बारीक. बाजार नव्याकडे सरकला आणि काही बायोसिमिलर जुन्याच संहतीत (द्रवातल्या औषधाच्या प्रमाणात) आले. चिठ्ठीवर संहती आणि 'सिट्रेटमुक्त' लिहा, निम्म्या तक्रारी मिटतील.

आणि अनुस्वार, तुमच्या लाडक्यांचंही ऐका. एपोच्याच एका बायोसिमिलरची त्वचेखालची चाचणी मध्येच थांबवली, दोन रुग्णांत तशाच अँटिबॉडी. शोध घेतला तर संशय सिरिंजवर गेला. काचेच्या सिरिंजला सुईचं भोक पाडायला टंगस्टनची पिन वापरतात. तिचे राहिलेले अंश प्रथिनाच्या गुठळ्या करतात.

अनुस्वार
म्हणजे दोष पुन्हा सिरिंजचा. रेणूचा नाही, सारखेपणाचा नाही, किमतीचा तर नाहीच. अभिनंदन, तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

खलबत्ता
चुकलात. ही गोष्ट प्रयोगशाळेतल्या तुलनेत दिसली नव्हती, रुग्णांत दिसली. चाचण्या काढा म्हणणाऱ्यांनी निदान ब्रँड आणि बॅच नंबर प्रत्येक नोंदीत लिहिण्याचा आग्रह धरावा, नाहीतर पुढच्या वेळी कुठल्या सिरिंजवर बोट ठेवणार? त्या आवाहनात बॅच नंबरचा एक शब्द नाही.

अनुस्वार
बॅच नंबरचं मान्य. युरोपात तो नियम आहेच. दोन रुग्णांत दिसणारी गोष्ट तीन अदलाबदलींच्या चाचणीत सापडली असती का, याचं उत्तर मात्र तुम्ही टाळलंत.

शीतसाखळी
बहुतेक नसती. कमी टंगस्टनच्या सिरिंज मिळतात, दुसऱ्या धातूंच्या पिनाही आहेत. खरेदीच्या कागदात उरलेल्या टंगस्टनची मर्यादा लिहून मागावी लागते. मागतं कोण ते विचारा.